होडी सोडायची नाही

माझी नात मुक्ता शिडाची होडी चालवते ही गोष्ट आमच्या घरात सर्वांत शेवटी मला कळली.

झालं असं, की गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काही महिने एकटं राहायला मनाई केली आणि ऑक्टोबरात मी चिपळूणहून मुंबईला लेकाकडे राहायला आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी गॅलरीत तुळशीला पाणी घालायला गेले, तर दोरीवर एक ओलं लाइफ जॅकेट वाळत घातलेलं! त्याला खाऱ्या पाण्याचा वास. हा वास मी कुठेही ओळखेन. माझं बालपण खाडीकाठी गेलं आहे.

"स्मिता, हे कोणाचं?" मी सूनबाईंना विचारलं. तिनं विनयकडे पाहिलं. विनयनं पेपरात डोकं घातलं. शेवटी मुक्ताच म्हणाली, "आजी, माझं आहे. मी सेलिंगला जाते." आणि मग वडिलांकडे पाहून, "सांगितलं मी. किती दिवस लपवायचं?"

दीड वर्ष! दर रविवारी मी फोन करायची, मुक्ता कुठे म्हणून विचारायची आणि मला उत्तर मिळायचं, "क्लासला गेलीय." आता क्लासच तो, म्हणजे खोटं काही नव्हतं. पण छत्तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईला अर्धसत्य म्हणजे काय हे कोणी समजावून सांगायची गरज नसते. मी त्या दिवशी जेवले नाही. रागावून नव्हे, घास उतरेना म्हणून.

जुन्या वाचकांना कदाचित ठाऊक असेल, नसेल तर सांगते. माझा थोरला भाऊ बंडूदादा १९६३ साली खाडीत गेला. तो एकोणीस वर्षांचा आणि मी बारा. शिमग्याचे दिवस होते. पलीकडच्या गावची पालखी बघून तिघं मित्र होडीतून परत येत होते आणि होडी उलटली. दोघं वाचले. दादा गेला. तो पट्टीचा पोहणारा होता, अख्ख्या आळीत त्याच्यासारखा पोहणारा कोणी नव्हता. लोक म्हणाले, पोहणाराच बुडतो. आई काही म्हणाली नाही. फक्त वाचलेल्या दोघांची नावं आमच्या घरात पुन्हा कोणी काढायची नाहीत, एवढं तिनं बघितलं. "ते दोघं होडी धरून बसले आणि माझ्या पोराला एकट्याला जाऊ दिलं," हे वाक्य तिनं एकदाच उच्चारलं. पण आम्हा भावंडांना ते आयुष्यभर पुरलं.

पुढे मी विनयला पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. चिपळूणला राहून त्याला पोहता येत नाही, ही माझी 'कामगिरी'. शाळेची सहल गणपतीपुळ्याला निघाली की तो आजारी पडायचा. म्हणजे मीच पाडायची.

आता माझ्यापासून का लपवलं ते तुमच्या लक्षात आलं असेल.

तर ही होडी. तिला ऑप्टिमिस्ट म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला खरं सांगायचं तर हसूच आलं. पुढून चपटी, मागून चपटी, जणू न्हाणीघरातलं घंगाळ पाण्यात सोडलंय. लांबी पावणेआठ फूट, वजन पस्तीस किलो, एकच शीड, तेही साधारण पस्तीस चौरस फुटांचं. डोलकाठीपासून शिडाच्या वरच्या टोकापर्यंत एक तिरपी काठी लावून ते ताणलेलं असतं. मध्ये एका फटीतून खाली पाण्यात सरकवायची फळी, मागे सुकाणू आणि आत एक मूल. बस्स. १९४७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर या गावी क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्यानं ती तयार केली. तिथे मुलांच्या घरगुती लाकडी गाड्यांच्या उतारावरून शर्यती होत. तसंच काही पाण्यावर स्वस्तात करता येईल का, म्हणून प्लायवूडच्या तक्त्यांतून बेतलेली ही होडी. आज ती जगभर आहे. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंतच त्यात शर्यत करता येते.

मुक्ता तेव्हा तेरा वर्षांची होती. म्हणजे हाताशी वेळ थोडा. त्या मोसमात राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड व्हावी हा तिचा ध्यास होता. मुंबईत हा मोसम ऑक्टोबर ते मे असा असतो. पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्यावर येतात. शनिवार-रविवारी कुलाब्याकडच्या एका क्लबात सराव आणि शर्यती.

पहिले तीन रविवार मी घरी बसून जप केला. चौथ्या रविवारी म्हटलं, घरी बसून जी कल्पना येते तिच्यापेक्षा समोर दिसेल ते बरं. काठी घेतली आणि विनयबरोबर गाडीत बसले. गाडीत कोणी बोललं नाही.

धक्क्यावर माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. समोर बंदर, दूर उरणच्या बाजूचे डोंगर, मध्ये नांगर टाकून उभी असलेली मोठाली जहाजं आणि त्यांच्यासमोर ही पंचवीस-तीस घंगाळं! माझ्या छातीत धडधडत होतं. पण मी भूगोलाची शिक्षिका. थोड्या वेळानं भीती बाजूला राहिली आणि डोळे वाऱ्याकडे गेले.

खारे वारे आणि मतलई वारे हा धडा मी किती वेळा शिकवला असेन याची गणतीच नाही. दिवसा जमीन लवकर तापते, हवा वर जाते, समुद्राकडून वारा येतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, वारा उलटा फिरतो, तो मतलई. फळ्यावर दोन आकृत्या, बाणांची दिशा, पाच गुणांचा प्रश्न. पण तो धडा मी घडताना पाहिला तो त्या धक्क्यावर, वयाच्या सत्तरीनंतर. सकाळी नऊला जमिनीकडून झुळूक होती. अकराच्या सुमारास वारा अगदी पडला. शिडं लोंबायला लागली, मुलं कंटाळून एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत बसली. मग साडेबाराच्या पुढेमागे दूरवर पाण्याचा रंग बदलला, एक गडद पट्टा सरकत आला आणि सगळी शिडं एकदम भरली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सगळ्या वर्गाला एकाच वेळी उत्तर सुचावं तसं.

घरी येताना मी मुक्ताला विचारलं, "वारा समोरून येत असताना तू त्याच दिशेला कशी गेलीस?"

"सरळ नाही जाता येत आजी. तिरकं जायचं, मग वळायचं, पुन्हा तिरकं. नागमोडी. कुठे वळायचं ते ज्याला कळतं तो जिंकतो."

त्या दिवसापासून आमचं जमलं.

माझ्याकडेही तिला देण्यासारखं एक होतं. आमचे वडील भरती-ओहोटी पंचांगावरून सांगायचे. कोकणातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. त्यापुढे सहा तास आणि थोडी मिनिटं गेली की ओहोटी. मुंबई बंदरात वेळ थोडी पुढे जाते, पण अंदाज चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ भयंकर. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त.

मुक्ताच्या मोबाइलवर हे सगळं मिनिटासह दिसतं, हे मला नंतर कळलं. पण तिनं मला तसं जाणवू दिलं नाही. कालनिर्णय घेऊन बसायची आणि म्हणायची, "आजी, रविवारी द्वितीया. दीड वाजता भरती. म्हणजे माझ्या शर्यतीच्या वेळी पाणी बाहेर ओढत असेल ना?" ओहोटीचं पाणी आणि वारा यांची दिशा पाहून कोणत्या बाजूनं जायचं ते ती ठरवायची. पहिल्या मालिकेत ती सतरावी आली होती, तिसऱ्या मालिकेत आठवी. श्रेय तिचं आणि तिच्या सरांचं. पण थोडंसं आमच्या वडिलांच्या पाऊणपटीचंही आहे, असं मी मानते. :)

मीही त्या खेळाचे नियम शिकत गेले. शर्यत सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी बावटा चढतो आणि भोंगा होतो. त्या पाच मिनिटांत सगळ्या होड्या एका अदृश्य रेषेमागे घुटमळत राहतात. होडीला ब्रेक नसतो! रेष आधी ओलांडली तर परत फिरून यायचं. मुलं फारच उतावीळ झाली तर काळा बावटा लावतात. मग शेवटच्या मिनिटात जो पुढे घुसेल तो त्या शर्यतीतून बादच.

गुणांची पद्धत तर मला फारच आवडली. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. सगळ्या शर्यतींची बेरीज करायची आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. ठरावीक शर्यती झाल्या की प्रत्येकाची सर्वांत वाईट शर्यत हिशोबातून वगळायची. मी विचार करत बसले, माझ्या वर्गातल्या पोरांचा एकेक सर्वांत वाईट पेपर असा वगळता आला असता, तर किती घरांतलं रडं वाचलं असतं.

आणखी एक. पाण्यातल्या खुणेच्या बोयाला होडी नुसती घासली तरी स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यायची, ही शिक्षा. पंच लांब असतात. कोणी पाहिलं नसलं तरी गिरकी आपली आपण घ्यायची. फेब्रुवारीतल्या एका शर्यतीत मुक्ता पाचवी होती. अचानक तिची होडी गरकन् फिरली आणि मागच्या चार होड्या पुढे निघून गेल्या. मी विनयला म्हटलं, "अगं बाई, काय झालं हिला?" घरी येताना तिनं सांगितलं, "बोयाला शिडाची काठी लागली." "कोणी पाहिलं का?" माझ्या तोंडून निघून गेलं. ती म्हणाली, "मी पाहिलं ना." छत्तीस वर्षं मूल्यशिक्षणाचे तास घेतलेली बाई खिडकीबाहेर बघत बसली.

मोसमाच्या तयारीत माझं एक प्रत्यक्ष योगदानही आहे. होडीत आलेलं पाणी उपसायला एक भांडं दोरीनं बांधलेलं असतं. मुक्ताचं हरवलं. मी गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घेतला, तळ तिरका कापला, कडा मेणबत्तीवर धरून बोथट केल्या आणि कानाला दोरी ओवली. सरांनी ते उचलून सगळ्या मुलांना दाखवलं. निवृत्तीच्या सत्कारातही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

हे सर म्हणजे नौदलातून निवृत्त झालेले एक मल्याळी गृहस्थ. हिंदीत बोलतात, मोजकं बोलतात. मार्च महिन्यातल्या एका शनिवारी त्यांनी नव्या मुलांना होडी उलटवायचा सराव दिला. हो, मुद्दाम उलटवायची! मी उठून जाणार होते. पण गुडघ्यामुळे पटकन उठता येत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांनी मुलांना ओळीत बसवलं आणि विचारलं, "बोट पलटी हो गयी. पहला काम क्या?"

मुलं ओरडली, "बोट नहीं छोड़ना!"

"किनारा पास दिख रहा है. तुम बहुत अच्छा तैरते हो. तब?"

"बोट नहीं छोड़ना!"

मग त्यांनी एकेक कारण सांगितलं. होडी बुडत नाही, तिच्यात हवेच्या पिशव्या असतात. लाकडाची असली तरी उलटून तरंगतेच. शोधणाऱ्याला लांबून होडी दिसते. लाटांमध्ये माणसाचं डोकं दिसत नाही. पाण्यावर अंतर कळत नाही, किनारा असतो त्यापेक्षा जवळ भासतो. आणि ओढ असेल तर चांगल्यात चांगला पोहणाराही हात मारतो एका दिशेला आणि जातो दुसऱ्या. "जो अच्छा तैरता है, वही छोड़ता है," ते म्हणाले. "इसलिए उसी को ज़्यादा बताना पड़ता है."

ते मुलांशी बोलत होते. मी मागे खुर्चीत बसले होते. त्यांना माझ्या दादाबद्दल काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मी कालनिर्णय काढलं नाही, त्याची गरजच नव्हती. ती तिथी मला पाठ आहे. फाल्गुन वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती, तीही उधाणाची. होडी उलटली तेव्हा चार वाजायला आले होते. म्हणजे ओहोटी भर जोरात, सगळी खाडी समुद्राकडे ओढत होती. मला हे गणित वयाच्या दहाव्या वर्षापासून येतं, आणि साठ वर्षांत मी ते एकदाही मांडलं नव्हतं. मांडलं असतं तर कळलं असतं, की दादाला त्या दोघांनी सोडलं नव्हतं. दादानं होडी सोडली होती. ते दोघं होडी धरून राहिले. त्यांना पाऊण तासानं एका मचव्यानं उचललं. त्यांनी जे केलं तेच बरोबर होतं. आज तेच मुलांना घोकून घ्यायला लावतात.

आणि त्यांतल्या एकाला, शांतारामला, मी साठ वर्षं ओळख दिली नव्हती. गावी गेले की समोरून आला तरी मी बाजूच्या पाखाडीनं जायची. तोही मान खाली घालून जायचा. मला वाटायचं, अपराधी आहे म्हणूनच घालतो.

हे मी घरात कोणाला बोलले नाही. परीक्षा जवळ आल्या होत्या, मोसम संपत आला होता. मुक्ताची निवड झाली.

राष्ट्रीय स्पर्धा हैदराबादला हुसेनसागर तलावावर होती, जुलैत. मुंबईच्या होड्या पावसात किनाऱ्यावर असतात तेव्हा तिकडे पश्चिमेचा मोसमी वारा चांगला असतो. आम्ही चौघं निघालो तेही हुसेनसागर एक्सप्रेसनंच! तलाव सोळाव्या शतकातला, कुतुबशाहीच्या काळात बांधलेला. एका बाजूला टँक बंडचा रस्ता, मध्ये खडकावर अखंड दगडातली बुद्धाची उंच मूर्ती. हीच मूर्ती १९९० साली तराफ्यावरून नेत असताना तलावात बुडाली होती आणि माणसंही गेली. १९९२ मध्ये ती वर काढून उभी केली. मी तिला मनोमन हात जोडले. म्हटलं, तुम्हालाही पाण्याचा अनुभव आहे.

तलावाला भरती-ओहोटी नाही. म्हणजे माझी पाऊणपट इथे बिनकामाची. वाराही समुद्रासारखा सरळमार्गी नाही. सभोवती इमारती, त्यामुळे तो दर चार मिनिटांनी दिशा बदलतो. मुक्ता पहिल्या दिवशी गोंधळली. चौतिसावी, एकेचाळिसावी. साठाहून जास्त होड्या होत्या. देशभरातून आलेली मुलं. भोपाळची, चेन्नईची, तिथल्याच हैदराबादची. यांत साध्या घरांतली कितीतरी. भोपाळच्या शाळेत तयार झालेली देवासकडची नेहा ठाकूर शेतकऱ्याची मुलगी. तिनं २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत रौप्यपदक मिळवलं. चेन्नईची नेत्रा कुमानन २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला गेली, या खेळात ऑलिंपिकला गेलेली ती पहिली भारतीय स्त्री. मुलींच्या खोलीत ही दोन नावं सारखी निघत. आमच्या वेळी १९८२ च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा पेपरातली ती बातमी वाचून मी पान उलटलं होतं. पाण्याची बातमी मी वाचतच नसे.

तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडे आभाळ काळं झालं. शर्यत निम्मी झाली होती. मी काठावर दुर्बीण लावून बसले होते. मुक्ताच्या शिडावरच्या आकड्यांतले शेवटचे दोन मी लक्षात ठेवले होते, तेच शोधत राहायची. वारा आला तो एका फटक्यात. बुद्धाच्या पलीकडून पाणी पांढरं होत आलं आणि पत्त्यांचा बंगला कोसळावा तशा होड्या आडव्या झाल्या. दहा, बारा, मोजता येईनात. दुर्बिणीत मला ते दोन आकडे कुठेच दिसेनात.

वर्गात एखादं मूल कमी भरलं की शिक्षक काय करतो? पुन्हा पहिल्यापासून मोजतो. मी मोजायला लागले. माझा दुसरा हात विनयच्या हातात होता. तेव्हा मला कळलं, की थरथर माझ्या हाताची नव्हती. त्याच्या हाताची होती.

दीड-दोन वर्षं हा मुलगा दर रविवारी त्या धक्क्यावर उभा राहत होता. पोहता न येणारा. माझी सगळी भीती मी त्याच्या अंगात घातली होती, आणि ती भीती घेऊन तो मुलीला पाण्यात पाठवत होता. मला सांगितलं नाही म्हणून मी रुसले होते. त्यानं कोणाला सांगायचं होतं?

"दिसली," तो म्हणाला. "बुद्धाच्या डावीकडे."

होडी उलटी होती, तिचा पांढरा तळ दिसत होता. आणि तळावर दोन हात. हात सुटले नव्हते. मग ती मधल्या फळीवर चढली, मागे झुकली, एकदा घसरली, पुन्हा चढली. शीड हळूहळू पाण्याबाहेर आलं. ती आत पडली आणि उपसायला लागली. सुटकेची बोट तिच्याजवळून गेली. तिनं हात हलवून तिला पुढे पाठवलं. इतक्या लांबून दुर्बिणीत मला पिवळा ठिपका वरखाली होताना दिसत होता. तो माझा गोडेतेलाचा कॅन होता. मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही.

ती शर्यत बऱ्याच मुलांनी सोडली. शर्यत पूर्ण न करणाऱ्याला एकूण होड्यांपेक्षा एक जास्त गुण मिळतो. मुक्ता रडतखडत अठ्ठाविसावी आली. पाच दिवसांअखेर, तिची एकेचाळिसावी शर्यत वगळून, ती एकूण सत्ताविसावी. बक्षीस नाही, पदक नाही. प्रमाणपत्र मिळालं ते सगळ्यांनाच मिळतं. गाडीत ती म्हणाली, "आजी, सत्ताविसावी म्हणजे वाईटच ना?" मी म्हटलं, "माझ्या वर्गात साठ मुलं असायची. सत्ताविसाव्या नंबरची मुलं मला सर्वांत जास्त आठवतात." हे पूर्ण खरं नाही. पण आता खरं करायचं ठरवलं आहे.

त्याच वर्षी गणपतीला आम्ही सगळे गावी गेलो. गौरी यायच्या त्या दिवशी दुपारी मी ताटलीत पाच मोदक घेतले आणि एकटीच शांतारामच्या घरी गेले. अंगणात पाय ठेवताना काठी धरलेला हात भिजला होता. ऐंशी ओलांडलेला माणूस, पडवीत बाकड्यावर बसला होता. मला पाहून उठायला लागला. मी म्हटलं, "बसून राहा, शांतारामदादा." साठ वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव माझ्या तोंडी आलं.

मी जास्त बोलले नाही. नातीच्या खेळाबद्दल सांगितलं. होडी उलटली तर काय करायचं असं त्यांचे सर शिकवतात, ते सांगितलं. म्हटलं, "तुम्ही दोघांनी बरोबर केलंत. आम्हाला कळलं नाही."

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मी हाक मारली होती बाय त्याला. दोनदा. तो म्हणाला, हा काय किनारा, आत्ता जाऊन मचवा घेऊन येतो तुमच्यासाठी."

हे वाक्य आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी त्याला विचारलंच नव्हतं. दादा आम्हाला सोडून गेला नव्हता, की त्यांनाही सोडून गेला नव्हता. तो मदत आणायला गेला होता. आईला हे कळायला हवं होतं. ती १९९४ साली गेली.

त्यानं एक मोदक खाल्ला. त्याच्या सुनेनं चहा आणला. निघताना तो पडवीच्या कडेपर्यंत आला, खाडीकडे बघितलं आणि सवयीनं म्हणाला, "आज सप्तमी. भरती सव्वापाचला."

माझ्याही मनात तोच हिशोब झाला होता. साताची पाऊणपट.

मुक्ता आता पंधरा ओलांडून गेली. ऑप्टिमिस्ट सुटली, आता ती त्याहून मोठ्या होडीत बसते. तिचं कॅनचं भांडं क्लबातल्या एका नव्या मुलानं मागून घेतलं आहे. आणि विनयनं या मे महिन्यात पोहण्याचा क्लास लावला, पन्नाशीला आलेला असताना. मला आधी सांगून लावला.